चूळ सरळ पडेपर्यंत

मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी मी मागीलदारी चूळ भरली आणि पाणी समोरच्या अळवावर पडण्याऐवजी हनुवटीच्या डाव्या बाजूनं फ्रॉकमध्ये उतरलं. पुन्हा भरली, पुन्हा तसंच. मला गंमत वाटली. अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीरानं केलेला कोणताही चावटपणा आधी गंमतच वाटतो. ती दाखवायला मी स्वयंपाकघरात गेले. आई पेज ढवळत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "शारू, तोंड वाकडं करू नको." मी करतच नव्हते. तसं सांगायला मी तोंड उघडलं तेव्हा तिच्या हातातला दवला पेजेत सुटला आणि दांड्यासकट बुडाला. तो तिनं काढला नाही. दुपारी बाबांना ताटात पेज वाढताना सापडला.

बाबांच्या दाढीच्या आरशात मी मला पाहिलं. उजवी बाजू माझीच होती. डावी मात्र, मातीचा गणपती ओला असताना कुणी त्याच्या गालावरून अंगठा खाली ओढावा, तशी ओघळली होती. मी हसून पाहिलं. उजवा गाल हसला, डावा नुसता बघत राहिला. मी डोळे मिटले, आणि डाव्या डोळ्यानं मला मी डोळे मिटताना दिसले. गंमत तिथं संपली. आरसा उपडा ठेवून मी बराच वेळ पडवीत बसले. ओरडायचं होतं, पण ओरडताना तोंड कसं दिसेल याचीच भीती वाटली.

आदल्या दिवशी मांद्र्याहून, मावशीकडून, बसनं परत आलो होतो आणि मी हट्टानं खिडकीशी बसले होते. त्यामुळे आरोपी लगेच सापडला. "चेडवाक वारें लागलां," शेजारणी म्हणाल्या, आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात पंखासुद्धा चोरासारखा फिरत असे. डिचोलीचे डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या देतो, बहुतेक होईल बरं. हा 'बहुतेक' आम्ही घरी घेऊन आलो आणि तो मुक्कामाला राहिला. बाबा त्याच्याबद्दल बोलत नसत. आई देवापुढे दिवा लावताना ओठातल्या ओठात त्याच्याशीच बोलत असावी असा मला संशय आहे. पुढे मी पुष्कळ वाचलं. माणसाला घाबरवण्यासाठी लिहिलेली जाडजूड पुस्तकं वाचली, पण त्या एका शब्दाइतकं कुठल्याच पुस्तकानं मला घाबरवलं नाही.

आमचं घर खाणीच्या रस्त्यावर. सकाळपासून मातीचे ट्रक एकामागून एक जात, भांडी मांडणीवर किणकिणत, आणि तांबडी धूळ तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर बसे. आतापर्यंत ती धूळ म्हणजे नुसती धूळ होती. आता ती माझ्या न मिटणाऱ्या डोळ्याची वैरीण झाली. डोळा सुकला तर बुबुळाला व्रण पडेल, दृष्टीही जाईल, असं डॉक्टर आईला माझ्यासमोर सांगून बसले होते. मोठ्या माणसांना वाटतं, मुलांचं तोंड वाकडं झालं की कानही बंद होतात. आई रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेई. दर थोड्या वेळानं माझ्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकी, आणि झोपताना पापणी बोटानं खाली ओढून वर कागदी पट्टी चिकटवी. पट्टी लावताना तिचा श्वास माझ्या कपाळावर लागायचा. तो मधेच थांबायचा, आणि मग मीही माझा थांबवायची.

जेवणाचे तर हालच. घास डाव्या गालात जाऊन बसे आणि तिथंच राही. आई बोट घालून तो काढी. पेज पिताना कोपऱ्यातून ओघळे, सोलकढीनं फ्रॉक गुलाबी होई. पाववाला पोदेर दारात भोंगा वाजवी तेव्हा मी पूर्वीसारखी धावत जात नसे, कारण 'पाव' म्हणता येत नव्हतं. ओठ जुळल्याशिवाय न येणारी सगळी अक्षरं गेली होती, आणि आमच्या घरात नेमकी त्यांचीच वस्ती दाट. पाव, पेज, बाबा, आणि बापू.

बापू म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मुक्काम नार्वे. देवस्थान समिती, नाट्यमंडळ, सत्कार समिती, जिथं माईक असेल तिथं त्याच्यामागे बापू असत. आमच्याकडे चहाला आले तरी आधी घसा साफ करत, आणि आता 'उपस्थित बंधुभगिनींनो' म्हणतात की काय, अशी धास्ती वाटे. बाबांनी त्यांच्यासमोर जन्मात दोनच वाक्यं उच्चारली होती, 'होय बापू' आणि 'बरं बापू'. माझं तोंड पाहून बापूंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हे आपल्या घराण्यात पहिल्यांदाच." जणू मी एखादा प्रघात मोडला होता.

म्हापशाला दर शुक्रवारी एक बाई मुलांच्या तोंडाचे व्यायाम घेतात, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि आई मला घेऊन जाऊ लागली. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. बसमध्ये चटण्यांच्या टोपल्या, केळ्यांचे घड, आणि माझ्या तोंडाकडे बघून पटकन केळ्यांकडे बघणाऱ्या बायका. आई मला आतल्या बाजूला बसवी आणि खिडकीची काच स्वतः धरून ठेवी. त्या बाईंचं नाव मिस लुर्दीस. आमच्या आळीत त्यांना 'तोंडाची मास्तरीण' म्हणत. दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि एक मोठा आरसा. आरसा पाहून मी दारातच थांबले.

"नांव कितें तुझें?"

"शारदा."

"बरें नांव. तुका म्हणूंक सोपें," त्या म्हणाल्या. खरंच, त्यात ओठ जुळवावे लागत नाहीत. इतक्या दिवसांत माझ्या तोंडाबद्दल कुणी काढलेला तो पहिला बरा शब्द होता.

(मिस लुर्दीस कोकणीत बोलत, आई नार्व्याच्या मराठीत, आणि दोघींचं एकमेकींना सगळं कळत असे. या दोन भाषांवरून आमच्याकडे केवढ्या सभा झाल्या ते सर्वांना ठाऊक आहे. त्या सभांना या दोघींना कुणी बोलावलं नाही. इथून पुढे मी त्यांचं बोलणं बरंचसं पुस्तकी करून लिहिते. त्यातलं मीठ गेलं तर माझा नाइलाज आहे.)

मला वाटलं होतं, व्यायाम म्हणजे तोंड वेडंवाकडं ताणायचं. तसं काहीच नव्हतं. त्यांनी माझा उजवा गाल दोन बोटांनी अलगद दाबून धरला, म्हणजे तो चांगला गाल सगळं काम स्वतःच करून मोकळा होणार नाही, आणि म्हणाल्या, "आता हास. मोठं नको. मनात हास, आणि बघ डावीकडे कोण उठतंय." कुणीच उठलं नाही. किती तरी शुक्रवार कुणीच उठलं नाही. मी आरशात त्या पडलेल्या गालाकडे बघत बसायची. मग पावसाळ्यात एका शुक्रवारी ओठाच्या कोपऱ्याशी मुंगी चालावी तसं काहीतरी हललं. आईनं ते माझ्याआधी पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला.

मिस लुर्दीसना मात्र त्या दिवसापासूनच काळजी लागलेली दिसली. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "तुमच्या डिचोलीचे ट्रक बघता ना? नस म्हणजे तसा रस्ता. तो मोडला होता, आता नवा होतोय. रस्ता पक्का होईपर्यंत त्याच्यावरून एकेक सायकल सोडायची. घाई करून ट्रक घातले तर ते वाट चुकतात. तोंडाकडे निघालेला ट्रक डोळ्याकडे जाऊन उभा राहतो. मग त्याला परत आणणं फार कठीण. म्हणून फुगे नकोत. शिट्टी नको. पिपाणी नको. जोर नको. समजलं?"

आम्हाला समजलं. आईनं घरातले फुगे शोधून टाकून दिले. जत्रेतली पिपाणी चुलीत घातली. माझ्या भाच्याची मुलगी हल्ली पणजीला अशाच एका केंद्रात जाते. ती तोंड उघडं टाकून श्वास घेते, म्हणून तिला जीभ टाळूला लावून ठेवायला शिकवतात. भिंतीवर रंगीत चित्रं, बक्षिसाला चिकटवायचे तारे, आणि काय करू नये याची सूचना मोबाईलवर येते. मी ती सूचना चष्मा लावून अगदी शेवटपर्यंत वाचते. तिच्यातही फुगडी नाही.

फुगडी म्हणजे व्यायाम, असं कुणाच्या डोक्यात येणार? ती देवाची. चवथीला गणपतीपुढे बायका रिंगण धरतात आणि पायाच्या तालावर तोंडानं जोरात 'फू' करतात, फू, फू, फू, भट्टीच्या भात्यासारखं. आमच्या थोरल्या काकीच्या, म्हणजे बापूंच्या बायकोच्या, 'फू'ला तोड नव्हती. बाई मनानं लोण्यासारखी आणि छातीनं लोहार. चवथीच्या बऱ्याच आधी बायका सरावाला जमायच्या तेव्हा काकीनं मला ओढलं. "फू घाल गो बाय. देवाच्या नावानं फू घाल, तोंड सुटतलें तुझें." बापूंनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की शारदेनं रोज देवापुढे फू घालावा असा आपण नवस बोललो आहोत. बाबा म्हणाले, "बरं बापू." आई गप्प राहिली. नवस बोलून झालेला होता, आणि बोललेला नवस मोडण्याची तिला म्हापशाच्या सगळ्या सूचनांपेक्षा जास्त भीती वाटत होती. मलाही वाटत होती. शनिवार-रविवारी नार्व्याला आणि एरवी आमच्या पडवीत, मी जीव खाऊन फू घातला. डाव्या कोपऱ्यातून वारा सुटायचा, थुंकी उडायची, मी आणखी जोर करायची. देवाला कमी पडलं असं व्हायला नको.

चवथीला आम्ही नार्व्याला गेलो. बापूंनी घरावर नवा स्लॅब घातला होता आणि गच्चीवर कर्णा बसवला होता. देवापुढे लाकडी चौकटीची माटोळी टांगलेली, तिच्यात कांगलां, माट्टुल्यां अशी रानातली फळं, सुपारीचे घड, एक लखलखीत मोसंबं. आत हळदीच्या पानांत पातोळ्या उकडत होत्या, त्यांचा वास सगळ्या घरात भरला होता. खतखत्याच्या भाजीच्या टोपाशी बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी मात्र माजघराच्या कोपऱ्यात भिंतीला डावा गाल लावून उभी होते. चुलत भावंडं दारातून डोकावून जात. अंगणात फटाके वाजले. सगळ्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि मग हसले. माझा डावा डोळा उघडाच राहिला. धूर, ठिणग्या, सगळं त्यानं सरळ आत घेतलं. फटाक्याच्या आवाजाला मी घाबरले नव्हते. डोळ्यासमोर काहीही आलं तरी मला दार लावता येत नव्हतं, त्याला मी घाबरले होते.

उन्हं उतरली तशी बायकांनी रिंगण धरलं. काकीनं मला हाताला धरून मधोमध आणलं. फू, फू, पाय दणदणत होते, बांगड्या वाजत होत्या, आणि मी देवाच्या सोंडेकडे बघत सगळा जीव ओठांत आणला. फू.

डावा डोळा मिटला.

"दोळो धांपलो गो चेडवाचो!" काकी ओरडली. मुलीचा डोळा मिटला, मुलीचा डोळा मिटला, असं घरभर झालं. पुन्हा फू, पुन्हा डोळा मिटला. बायका रडायला लागल्या, काकीनं माझ्या कपाळाचे मुके घेतले. बापू कर्ण्याकडे धावले. क्षणभरानं सगळ्या नार्व्यानं ऐकलं की आमच्या घरी गणरायानं दृष्टांत दिला आहे, सर्वांनी आरतीस यावं. मी हसत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला भीती वाटत नव्हती. लोक आत येऊ लागले, कुणी माझ्या हातावर मोदक ठेवला, कुणी पाया पडायला सांगितलं, आणि देवाच्या की बापूंच्या हे गर्दीत समजलं नाही.

तेवढ्यात आई आली. तिच्या हाताला पातोळीचं पीठ लागलेलं होतं. ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि हळू म्हणाली, "शारू, तोंड अगदी शांत ठेव. हं. आता डोळा मीट."

मी मिटला. तो मिटला नाही. पापणी नुसती थरथरली.

"आता ओठ पुढे कर. हळूच."

डोळा मिटला.

तिनं मला तसं तीनचारदा करायला लावलं. तिचा चेहरा हळूहळू असा झाला की मी तो बघून रडायला लागले. आणि रडताना ओठ ओढला गेला, तसा डोळा पुन्हा मिटला. "वाट चुकली," आई म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. "ट्रक वाट चुकला." आजूबाजूच्या बायकांना वाटलं, बाईला आनंदानं भ्रम झाला.

ती उठली. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, माझं बखोट धरलं आणि गर्दीतून दाराकडे निघाली. देव बसलेला, आरती व्हायची, पानं वाढायची, आणि धाकटी सून उंबऱ्याकडे चाललेली. घुमट वाजवायला बसलेल्यांचे हात थांबले. बापू आडवे आले. घसा साफ करायलाही विसरले.

"सुमन, देव घरात आहे. अशी उठून जातेस?"

आई बापूंसमोर कधी बोलत नसे, बोललीच तर भिंतीकडे बघून. त्या दिवशी ती त्यांच्याकडे बघून बोलली. "बापू, देवाक सांगात, शुक्रारा म्हापशाक यो म्हण. आमी थंयच आसतलीं."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता छत कोसळेल. नवा स्लॅब होता, टिकला. आम्ही अंगणात उतरलो तेव्हा मागून बाबांचा आवाज आला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिसरं वाक्य उच्चारलं. "येतां बापू," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन आमच्या मागून निघाले. मागे कर्ण्यावर आरती सुरू झाली होती, आणि देव आता आपल्या पाठीला काय करेल या भीतीनं मी एकदाही वळून पाहिलं नाही.

शुक्रवारपर्यंत आईनं मला बोलू दिलं नाही. मिस लुर्दीसनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील, गेलं, काही होणार नाही. त्यांनी विचारलं, "काय केलंस तू?" आईनं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "चूक माझी. मी गप्प बसले."

मिस लुर्दीसनी खाली पाहिलं. "मी फुगे म्हटलं. शिट्टी म्हटलं. फुगडी म्हणायला हवं होतं. तुमच्या चवथीला मी दर वर्षी नेवऱ्या खाते, पण हे मला सुचलं नाही." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "ट्रक चुकलाय खरा. सगळा नाही. बघूया, परत येतो काय."

परत आणणं हे आधीच्यापेक्षा शंभरपट कंटाळवाणं निघालं. ओठ कणभर पुढे करायचे, आणि त्याच वेळी डोळा उघडा ठेवायचा. डोळा मिटू लागला की थांबायचं, पुन्हा कमी जोरात. मेणबत्तीची ज्योत नुसती वाकेल इतकाच वारा, विझली तर चूक. पाऊस गेला, थंडी आली, शिगमो झाला. आई रोज सकाळी माझ्यासमोर आरसा धरून बसायची. ट्रक गेला की आरसा हलायचा, मग आम्ही दोघी थांबायचो. पापणी आधी आली, गाल मागून आला. 'बाबा' आला त्या दिवशी बाबा कामाला उशिरा गेले.

सगळं परत आलं नाही. अजून गरम चहावर फुंकर मारली की माझा डावा डोळा अर्धा मिटतो. भाषणं ऐकताना मी ओठ किंचित पुढे काढते, जुनी सवय, आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांना वाटतं की मी त्यांना डोळा मारते आहे. पुष्कळांनी माझ्या या कुत्सित स्वभावाबद्दल तक्रार केली. निम्मा कुत्सितपणा स्नायूंचा आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. बापू शेवटपर्यंत सभासभांतून तो दृष्टांत सांगत राहिले. मी समोर बसलेली असे, आणि ते माझ्याकडे बोट दाखवत. मी मान हलवायची. काकीनं मात्र पुन्हा मला रिंगणात ओढलं नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा रस्त्यावर इतकी शांतता झाली की आईला झोप येईना. आता तिला ऐकूच येत नाही. पूर्वी मी सकाळी मागीलदारी चूळ भरली की ती आतून कान देत असे. सरळ पडलेल्या चुळीचा अळवावर ताडकन आवाज होतो, वाकडी नुसती ओघळते. आवाज आला की मगच ती पेजेखाली जाळ करी. हल्ली ती काठी टेकत मागच्या दाराशी येऊन उभी राहते. माझे केस तिच्याइतकेच पांढरे झालेत. मी चूळ भरते, थांबते. चूळ टाकण्याआधीचा तो एक क्षण अजून बदललेला नाही. पाणी अळवावर जाऊन पडतं. ती बघते, मान हलवते आणि आत जाते.